थरच्या वाळवंटातली उन्हाळी पहाट: किडे आणि झाडे कशी पाहावीत

जैसलमेरच्या आसपासचे वाळवंट पाहायला बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारीत जातात, आणि केवळ वाळूच्या टेकड्या व किल्ला पाहायचा असेल तर तो हंगाम चांगलाच आहे. परंतु तिथली झाडे उन्हाशी कशी निभावतात आणि त्या झाडांच्या आधाराने किडे कोणत्या वेळी काय करतात, हे ज्याला पाहायचे आहे त्याने एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ निवडावा, असे माझे अनेक उन्हाळ्यांनंतरचे ठाम मत आहे. हिवाळ्यात तिथे सारेच काही तगून असते. उन्हाळ्यात मात्र जे हिरवे दिसते त्याच्यामागे पाण्याची काहीतरी सोय असते आणि जे हालताना दिसते त्याला त्याच घटकेला बाहेर पडण्याचे कारण असते, त्यामुळे पाहणाऱ्याला प्रश्न विचारणे सोपे जाते.

या फिरण्याचा एकच मुख्य नियम आहे. चालणे कमी ठेवावे आणि थांबणे वाढवावे. तीन तासांत एक किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापले गेले, तर त्या दिवशी पाहणे कमी पडले असे मी धरतो.

निघण्यापूर्वी

मेअखेरीस जैसलमेरला सूर्य पावणेसहा ते सहाच्या दरम्यान उगवतो. आपण त्याच्या अर्धा तास आधी बाहेर पडावे आणि साडेआठला, फार तर नऊला, पुन्हा सावलीत आलेले असावे. ही वेळ पाळणे ही सूचना नसून अट आहे. याच टापूतल्या फलोदीत १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते, आणि हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असते तेव्हा उघड्या वाळूचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर जातो. माणशी दोन लिटर पाणी बरोबर असावे, सोबत मीठ-साखरेची पुडी असावी, आणि निम्मे पाणी संपले की आपण कुठेही असलो तरी परतीची वाट धरावी.

अंगात पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्यावर रुंद काठाची टोपी किंवा उपरणे आणि पायात घोट्यापर्यंतचे बंद बूट असावेत. बुटांचे कारण केवळ विंचू-साप हे नाही. भुरट नावाच्या गवताची काटेरी बोंडे वाळून जमिनीवर पडलेली असतात आणि मोज्यांत शिरली की सकाळभर पिच्छा सोडत नाहीत. याच गवताचे दाणे दुष्काळात मारवाडातल्या माणसांनी दळून खाल्लेले आहेत, हे ते काटे काढताना लक्षात असू द्यावे. याखेरीज दहा पट मोठे दाखवणारे भिंग, वही, पेन्सिल आणि मापासाठी दहा रुपयांचे नाणे एवढे पुरे. त्या नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असतो.

जागेविषयी थोडे सांगतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने आधी जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या राव जोधा वाळवंटी खडक उद्यानात एक सकाळ घालवावी. २००६ साली सुरू झालेल्या या कामात ज्वालामुखीच्या खडकावरची वेडी बाभूळ, म्हणजे बाहेरून आणलेले काटेरी झाड, मुळासकट काढून तिथे मूळच्या वाळवंटी झाडांना पुन्हा जागा करून दिलेली आहे. तिथे झाडांची ओळख करून घेता येते आणि मग उघड्या वाळूत गेल्यावर माणूस चाचपडत नाही. त्यानंतर जैसलमेरहून सम किंवा खुरी या बाजूंना जावे. समच्या टेकड्यांवर गर्दी असते, म्हणून मी खुरीकडचा टापू पसंत करतो. १९८० साली घोषित झालेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान ३,१६२ चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी घेऊन आणि मळलेल्या वाटेनेच चालावे, कारण आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्या नावाने अभयारण्य आहे तो माळढोक इथे गोडावण या नावाने ओळखला जातो, उन्हाळ्यात त्याच्या विणीला सुरुवात होते आणि त्याची मादी उघड्या जमिनीवर अंडे घालते. सीमेलगतच्या काही पट्ट्यांत बाहेरच्या माणसाला परवानगीशिवाय जाता येत नाही, त्याची चौकशी जैसलमेरलाच करून घ्यावी.

वाळू वाचणे

वाळूवरचे माग पाहायचे ते सूर्य कासराभर वर येईपर्यंतच. ऊन तिरपे असते तोवर मुंगीच्या पायाच्या ठशालाही सावली असते. ऊन डोक्यावर आले की तीच वाळू कोऱ्या कागदासारखी दिसू लागते. माग आपल्या आणि सूर्याच्या मधे राहील अशा बाजूला उभे राहावे, म्हणजे ठशांच्या कडा स्पष्ट उठून दिसतात.

दिवसाच्या वाऱ्याने वाळूवर बारीक लाटा उमटतात, त्या बहुधा वाऱ्याच्या दिशेला आडव्या असतात. रात्री वारा पडला असेल तर या लाटांवरून गेलेला माग ताजा, म्हणजे गेल्या काही तासांतला समजावा, आणि लाटांनी अर्धवट पुसलेला माग त्याआधीचा. एवढा एक निकष हाताशी असला तरी रात्रीच्या घडामोडींचा क्रम लावता येतो.

सर्वांत जास्त दिसणारा माग काळ्या, जाड कवचाच्या, लांब पायांच्या भुंगेऱ्यांचा असतो: बारीक टिंबांच्या दोन समांतर रांगा आणि कधीकधी मधून पोट घासल्याची रेघ. या भुंगेऱ्यांचे वरचे कठीण पंख पाठीवर एकमेकांना सांधलेले असतात. ते उडू शकत नाहीत, परंतु त्या कवचाखाली हवेची पोकळी राहते आणि अंगातले पाणी सहजी उडून जात नाही. पाठीवर धुके गोळा करून ते पिणाऱ्या भुंगेऱ्याची चित्रफीत पुष्कळांनी पाहिलेली असते आणि थरमध्येही तसेच दिसेल अशी त्यांची अपेक्षा असते. तो भुंगेरा आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या नामिब वाळवंटातला आहे. तिथे समुद्रावरून धुके येते, थरमध्ये उन्हाळ्यात ते येत नाही, आणि इथल्या भुंगेऱ्यांना पाणी मुख्यतः खाण्यातूनच मिळवावे लागते.

उंटाच्या किंवा शेळीच्या लेंड्यांजवळ रुंद, उथळ चर दिसला तर तो शेणकिड्याने गोळी ढकलत नेल्याचा असतो. सरड्याच्या मागात दोन्ही बाजूंच्या पायांच्या मधून शेपटीची सलग रेघ जाते. एकमेकांपासून सुट्या, तिरक्या आणि टोकाला वळलेल्या रेघांची मालिका दिसली तर ते फुरसे समजावे. आपल्या कोकणात खडकाळ जमिनीवर राहणाऱ्या फुरशाचे इथले भाईबंद वाळूवर तिरके सरकतात आणि उन्हाळ्यात रात्री हिंडतात. अशा मागाच्या दिशेने जाऊ नये, आणि कुठल्याही झुडपात, बिळात किंवा दगडाखाली हात घालू नये.

सरावासाठी भुंगेऱ्याचा एकच माग निवडावा आणि तो संपेपर्यंत त्याच्या शेजारून चालावे. तो झुडपाच्या बुंध्याशी गेला, बिळात शिरला, की मधेच दुसरा एखादा माग त्याला येऊन मिळाला आणि तिथेच तो थांबला, हे वहीत लिहावे. मी एकदा असा माग चाळीसेक पावले धरला. तो तीन वेळा वाळलेल्या सेवण गवताच्या ठोंबांना वळसा घालून चौथ्या ठोंबाखाली वाळूत बुडाला होता, आणि तिथे वाळू किंचित फुगलेली होती. भुंगेरा आत होता. मी त्याला उकरून काढले नाही, आणि कोणीही काढू नये, कारण उन्हाची वेळ सुरू झाल्यावर बाहेर काढलेल्या भुंगेऱ्याला पुन्हा खोल जाईपर्यंत तापलेल्या वाळूला तोंड द्यावे लागते.

एका रुईपाशी अर्धा तास

एकाच झाडापाशी थांबायचे असेल तर ते रुईचे असावे. राजस्थानात तिला आक किंवा आकडा म्हणतात. मारुतीला शनिवारी जिच्या पानांचा हार घालतात ती रुई महाराष्ट्रात दोन प्रकारची आढळते. थरमध्ये भेटते ती उभट, पेल्यासारख्या फुलांची आणि पाकळ्यांच्या टोकांना जांभळा रंग असलेली. जिच्या पाकळ्या पसरट असतात आणि मागे वळतात ती दुसरी, आपल्याकडे कोकणात आणि देशावर भरपूर दिसणारी. हे झाड निवडण्याचे कारण असे की आजूबाजूचे सारे वाळलेले असताना रुईला हिरवीगार, रुंद पाने असतात, भर उन्हाळ्यात फुले असतात, आणि तिच्या विषारी चिकामुळे शेळ्या तिला सहसा तोंड लावत नाहीत. त्या चिकाला ज्यांनी जुमानले नाही अशा किड्यांची एक स्वतंत्र वस्तीच तिच्यावर असते.

झाडापासून चार पावलांवर थांबावे आणि पहिली पाच मिनिटे काहीही न करता फक्त पाहावे. जवळ जाताच जे लपते ते पुन्हा बाहेर यायला तेवढा वेळ लागतो. रुईवरचा रंगीत नाकतोडा याचे चांगले उदाहरण आहे. पूर्ण वाढलेला नाकतोडा पिवळा व निळसर पट्ट्यांचा असतो आणि पिल्ले फिकट, काळ्या ठिपक्यांची असतात. माणूस जवळ आला की तो उडी न मारता फांदीच्या पलीकडच्या बाजूला सरकतो, आपण वळसा घातला की तोही वळसा घालतो. पिल्लांना चिमटीत धरले तर ती अंगातून द्रवाची चिळकांडी उडवतात, म्हणून भिंग घेऊन जायचे तर डोळा अगदी टेकवू नये.

मग कोवळ्या शेंड्यांकडे वळावे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिथे पिवळाधमक मावा असतो. मावा असला की मुंग्या असतात आणि मुंग्या असूनही ढालकिडे व त्यांच्या काळपट, मगरीच्या आकाराच्या अळ्या मावा खाताना दिसतात. पाने हळूच उलटवून पाहावीत, तोडू नयेत. पानाच्या खालच्या बाजूला काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी दिसली तर ती बिबळ्या कडवा या फुलपाखराची. एका सकाळी मी अशा अळीसमोर वीस मिनिटे बसलो होतो. तिने पान कडेने खायला सुरुवात केली नाही. आधी ती पानाच्या मधल्या शिरेपाशी गेली, तिथे तिने शीर कुरतडली, पांढरा चीक थेंबाथेंबाने बाहेर आला, पानाचा पुढचा भाग किंचित लवला, आणि मग ती त्या लवलेल्या भागाकडे जाऊन निवांत खाऊ लागली. चिकाचा पुरवठा आधी तोडायचा आणि मग जेवायला बसायचे, हा क्रम पाहण्यासाठी जैसलमेर गाठण्याची गरज नाही, तो आपल्या गावच्या रस्त्याकडेच्या रुईवरही दिसतो. पोटात साठलेले हे विष पुढे फुलपाखरालाही कामी येते. पक्षी त्याला टाळतात आणि म्हणूनच ते कसलीही घाई न करता तरंगत उडते.

आता फूल. रुईचे फूल भिंगाखाली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण एवढे नेमके यंत्र दुसऱ्या फारच थोड्या फुलांत आहे. मधोमध पाच भागांचा मुकुट आणि त्याच्या वर पंचकोनी चकती असते. त्या पंचकोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात एक अगदी बारीक काळा मणी दिसतो आणि मण्याखाली उभी फट असते. रुईचे पराग भुकटीसारखे सुटे नसतात, ते मेणचट पिशव्यांत बांधलेले असतात. काळा भुंगा मधासाठी फुलावर उतरला आणि त्याचा पाय त्या फटीत सरकला की बाहेर ओढताना मणी पायाला अडकतो आणि त्याला लोंबणाऱ्या दोन पिवळ्या पिशव्या त्याच्याबरोबर निघून येतात. पुढच्या फुलाच्या फटीत त्या अडकल्या की परागण झाले. हे स्वतः करून पाहता येते. जमिनीवर गळून पडलेले ताजे फूल घ्यावे, बाभळीच्या बारीक काट्याचे टोक फटीत खालून वर सरकवावे आणि हलक्या हाताने उचलावे. काट्याच्या टोकाला काळा मणी आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या पिशव्यांची जोडी येते. पहिल्या दोनचार प्रयत्नांत नाही जमले तरी नाद सोडू नये. मात्र हे झाल्यावर हात पाण्याने धुतल्याखेरीज डोळ्यांना लावू नयेत. रुईच्या चिकाने डोळ्याला गंभीर इजा होते.

पाने टाकलेली झाडे आणि भर उन्हात पालवणारी शमी

थरमध्ये पुष्कळ झुडपांनी पानांचा खर्चच बंद केलेला आहे. पानातून पाणी उडते, म्हणून पानांचे अन्न बनवण्याचे काम हिरव्या फांद्यांकडे दिलेले असते. अशी तीन झुडपे ओळखता आली तरी टेकड्यांवरची बरीचशी वनस्पती ओळखीची होते. केर, म्हणजे आपल्याकडची नेपती, हे हिरव्या फांद्यांचे आणि जोडीजोडीने काटे असलेले गुंतवळ असते. त्याला उन्हाळ्यात लालसर फुले व नंतर हिरवी फळे येतात, आणि केर-सांगरीच्या भाजीतले केर ते हेच. खींप हे बिनकाट्याचे, उभ्या केरसुणीसारखे दिसते आणि त्याच्या दोरांनी व काड्यांनी झोपड्या शाकारल्या जातात. फोगाच्या फांद्या पांढुरक्या व गाठाळ असतात, ते वाळूच्या टेकडीवरच उगवते आणि वारा आला तरी आपल्या मुळांशी वाळू धरून ठेवते. फोगाच्या आडोशाची वाळू नेहमी उंचवट्याची असते, आणि अशा उंचवट्याच्या वाऱ्यामागच्या बाजूला किडे शोधावेत.

खडकाळ टेकड्यांवर काटेरी, चिकाचे थोर दिसते. त्याला तिथले लोकही थोरच म्हणतात, हा शब्द ऐकून मराठी माणसाला घरच्यासारखे वाटते.

या सगळ्यांच्या उलट वागणारी एक वेल वाळूवर पसरलेली असते. तिला तिथे तुंबा आणि आपल्याकडे कडू वृंदावन म्हणतात. ती पाने टाकत नाही की मिटवत नाही. खोल मुळांनी पाणी ओढून ती पानांतून सतत उडवत राहते आणि त्या बाष्पीभवनाने पान हवेपेक्षाही थंड ठेवते. आठच्या उन्हात तळहाताची मागची बाजू आधी शेजारच्या दगडाला आणि मग वृंदावनाच्या पानाला लावून पाहावी. पान तोडले तर तो गारवा लगेच संपतो, म्हणून वेलीवर असतानाच स्पर्श करावा. फळ मात्र चाखू नये.

शमीविषयी सविस्तर लिहायला हवे. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच मारवाडची खेजडी, १९८३ पासून राजस्थानचा राज्यवृक्ष. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली राजाच्या माणसांनी खेजड्या तोडायला घेतल्या तेव्हा अमृतादेवी आणि तिच्यामागून बिश्नोई समाजाच्या एकूण ३६३ माणसांनी झाडांना कवटाळून प्राण दिले. उन्हाळ्यात त्या झाडाखाली उभे राहिले की एवढी किंमत का मोजली गेली ते कळते. एप्रिल-मेमध्ये आसपासचे गवत वाळून पिवळे झालेले असताना शमीला नवी पालवी फुटते, पिवळ्या तुऱ्यांची फुले येतात आणि पाठोपाठ सांगरी, म्हणजे तिची शेंग, धरते. तिचे सोटमूळ तीस मीटरपेक्षाही खोल जाऊ शकते, त्यामुळे तिला पावसाची वाट पाहावी लागत नाही. पाला गुरांना, शेंग माणसांना, आणि तुरे फुलोरी मधमाशीला. या छोट्या माशीचे एकाच पोळीचे, तळहाताएवढे पोळे शमीच्या किंवा केराच्या फांदीला उघड्यावरच लटकलेले असते. फांदीच्या सावलीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर ते शोधावे आणि दोन हात दूर राहूनच पाहावे.

शमीच्या पानांवर, तुऱ्यांवर आणि कोवळ्या फांद्यांवर गाठी दिसतील. त्या रोगट फळांसारख्या दिसतात, पण ती कोळी-किड्यांची आणि बारीक माश्यांची घरे असतात. त्यांच्या स्रावामुळे झाडच त्यांच्याभोवती गाठ वाढवते. एखादी वाळून पडलेली गाठ घेऊन भिंगाखाली पाहावी: भोक असेल तर राहणारा बाहेर पडलेला आहे.

शमी आणि वेडी बाभूळ यांत गल्लत होऊ देऊ नये. वेडी बाभूळ मूळची अमेरिकेतली आहे, ती १८७७ मध्ये भारतात आणली गेली आणि नंतर मारवाडात मुद्दाम पसरवली गेली. तिचे काटे लांब, सरळ आणि पानाच्या उगमाशी जोडीने असतात. शमीचे काटे आखूड, शंकूसारखे आणि फांदीवर विखुरलेले असतात. ओळख पटल्यावर एक प्रयोग अवश्य करावा. शमीखाली पंधरा मिनिटे आणि वेड्या बाभळीखाली पंधरा मिनिटे बसून जमिनीवर, बुंध्यावर व फांद्यांवर किती प्रकारचे किडे आणि किती प्रकारची रोपटी दिसतात ते मोजावे. मी जितक्या वेळा मोजले तितक्या वेळा शमीखालची यादी लांब निघाली.

सावलीतले खळगे, उन्हातल्या मुंग्या

जाळ नावाचे झाड जमिनीला टेकलेल्या दाट फांद्यांमुळे दुरूनच ओळखू येते. मे-जूनमध्ये त्याला पिलू ही गोडसर बारीक फळे येतात. त्याच्याभोवती पांढरी, काळ्या काठांची किंवा गुलाबीसर लहान फुलपाखरे घोटाळताना दिसली तर ती अंडी घालायला आलेली असण्याची शक्यता धरावी, कारण फुलपाखरांच्या ‘अरब’ नावाच्या गटातल्या अनेक जातींच्या अळ्या जाळ आणि केर यांच्याच कुळांतल्या झाडांवर वाढतात. मादी पानाला पायांनी चाचपते, पोट वाकवते आणि पुढे जाते. ती गेल्यावर त्याच पानाकडे पाहावे.

जाळाच्या सावलीच्या कडेला, पाऊस व वारा लागत नाही अशा भुसभुशीत वाळूत नरसाळ्यासारखे खळगे असतात. त्यांच्या तळाशी मुंगीसिंहाची अळी वाळूत दडलेली असते. कोरडी वाळू जेवढ्या उतारावर जेमतेम थांबते तेवढाच उतार ती खळग्याला देते, त्यामुळे मुंगीचा पाय पडला की काठ ढासळतो, आणि वर चढू पाहणाऱ्या मुंगीवर अळी डोक्याने वाळू उडवते. गवताच्या काडीने काठावरचे दोनचार कण पाडले तर हे वाळू उडवणे पाहायला मिळते. मुंगी पकडून आत टाकू नये, थोडा वेळ थांबले की मुंगी आपणहून येते.

बिळाभोवती फोलपटांचे कडे दिसले तर ते दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांचे वारूळ. या मुंग्या पहाटेच काम उरकतात. ऊन चढल्यावर, जेव्हा बाकी सारे आत गेलेले असतात, तेव्हा लांब पायांच्या, तुरतुर धावणाऱ्या मुंग्या एकेकट्या बाहेर पडतात आणि उष्म्याने मेलेले किडे उचलून नेतात. त्यांचे अंग वाळूपासून उंच असते, आणि तेवढ्या उंचीवर हवा वाळूपेक्षा बरीच थंड असते. बिस्किटाचा कण वाटेत ठेवावा. जाताना नागमोडी भटकणारी मुंगी तो कण मिळाल्यावर बिळाकडे जवळजवळ सरळ रेषेत परतते. अशाच मुंग्यांवर ट्युनिशियात वर्षानुवर्षे काम करणाऱ्या र्‍यूडिगर वेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आकाशातल्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे प्रकाशलहरी कुठल्या दिशेत कंप पावतात त्यावरून, त्या दिशा ठरवतात. २००६ साली त्यांनी मुंग्यांच्या पायांना डुकराच्या केसांचे खुंट चिकटवून पाय लांब केले, तेव्हा त्या बिळाच्या पुढे निघून गेल्या, म्हणजे अंतर त्या पावलांवरून मोजत होत्या. आपण पाहताना एवढेच सांभाळावे की आपली सावली मुंगीवर पडू नये.

नाकतोडे सगळीकडे असतात. त्यांच्यात वाळूच्या रंगाचा, एकेकटा राहणारा वाळवंटी टोळही असू शकतो. त्याचीच थवा करून आलेली पिढी मे २०२० मध्ये विदर्भापर्यंत पोहोचली होती.

नोंद

प्रत्येक किड्याचे छायाचित्र तीनदा घ्यावे: पूर्ण झाड दिसेल असे, किडा झाडाच्या कुठल्या भागावर आहे ते दाखवणारे, आणि अगदी जवळून नाण्यासह. वहीत वेळ, ऊन की सावली, झाडाचे नाव आणि किडा काय करत होता एवढे लिहावे. किड्याचे नाव लगेच आले नाही तरी चालते, ते आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर छायाचित्र टाकून नंतर कळू शकते. झाडाचे नाव मात्र जागेवरच विचारून घ्यावे, आणि ते विचारायला गुराख्यांइतके जाणकार कोणी नाही. मी थरमधली निम्मी झाडे त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांच्या तोंडी देवराईला ओरण हा शब्द येतो. ओरणात शिरायचे तर गावच्या रीतीप्रमाणे शिरावे आणि तिथली काडीही उचलू नये.

संध्याकाळ आणि पहिला पाऊस

सूर्य साडेसातनंतर मावळतो. त्यानंतरचे फिरणे नेहमी वाटाड्यासोबतच करावे, आणि तेही वस्तीच्या जवळ, विजेरीच्या उजेडात पुढचे पाऊल पाहून टाकत. अतिनील प्रकाशाची विजेरी असेल तर विंचू हिरवट-निळे चमकताना दिसतात, अगदी लहानसा असला तरी चारपाच हातांवरून.

जूनच्या शेवटी किंवा जुलैत पहिली चांगली सर पडेपर्यंत थांबणे शक्य असेल तर थांबावे. जैसलमेरला वर्षभराचा पाऊसच सरासरी २०० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे ही सर हुकू शकते. ती आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या वाळूवर मखमली लाल ठिपके चालू लागलेले दिसतात. तिथे त्यांना ‘सावण री डोकरी’ म्हणतात, आपल्याकडे तो मृगाचा किडा. त्याला उचलू नये. ओलसर वाळूवर गुडघे टेकून भिंग जवळ न्यावे आणि त्याचे पाय मोजावेत: ते आठ भरतात, म्हणजे हा किडा नव्हे, कोळ्यांचा नातलग.